सिम स्वॅपपासून बँक खाते कसे वाचवावे

सिम स्वॅपमध्ये चोर तुमच्या फोनला हातही लावत नाही. आधार-पॅनच्या कॉपीवर, नाहीतर गोड बोलून तुमच्याकडूनच होकार घेऊन, तो तुमच्या नंबरचे दुसरे सिम चालू करतो. त्याचे चालू झाले की तुमचे बंद. नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे, पण कॉल लागतात आणि काही सेवांचा ओटीपी कॉलवर ऐकूनही मिळतो. म्हणून नियमावर विसंबू नका.

सुरुवात ईमेलपासून. बँकेपासून नव्हे. पासवर्ड बदलण्याच्या लिंक, स्टेटमेंट, कधीतरी कुणाला पाठवलेले पॅन कार्ड, सगळे तिथेच पडलेले असते. जीमेलच्या सिक्युरिटी विभागात आधी ऑथेंटिकेटर अॅप (एसएमएसशिवाय फोनातच कोड देणारे अॅप) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने, म्हणजे बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिनने लॉगिन) लावा. फोन हाताशी नसताना लॉगिनला लागणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवा. हे झाल्यावरच रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल नंबर काढा. क्रम उलटा केलात तर तुम्हीच बाहेर राहाल.

सिमला पिन लावा. याने सिम स्वॅप थांबत नाही. पण लोकलच्या गर्दीत फोन गेला, तर चोर तुमचे सिम दुसऱ्या फोनात घालून ओटीपी घेऊ शकत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ किंवा ‘सिम पिन’ शोधा. मूळ पिन अंदाजाने टाकू नका, मोबाइल कंपनीला विचारा. तीनदा चुकला की सिम लॉक होते आणि पीयूके, म्हणजे ते उघडायचा कंपनीकडचा कोड, मागतो.

बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार बंद करा, रोजची मर्यादा गरजेपुरती ठेवा आणि एसएमएससोबत ईमेल अलर्टही सुरू करा. सिम बंद पडले तरी खात्यात काय चाललेय ते कळेल. शेअर ट्रेडिंग खात्यालाही एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅपचा ओटीपी लावा. बँकेसाठी वेगळा नंबर ठेवणे चांगलेच, पण रिचार्ज विसरायचा नाही. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो.

फोनवरचा होकार टाळा. चोर कंपनीचा माणूस बनून फोन करतो: ‘सर, तुमचे सिम 5जी करायचे आहे. आता मेसेज येईल, तो फॉरवर्ड करा आणि कॉल आला की 1 दाबा.’ तो 1 म्हणजे तुमची संमती. ई-सिमच्या (फोनातच असणारे, कार्ड नसलेले सिम) नावाखाली हल्ली हाच प्रकार जोरात आहे. सिमच्या पाठीवरचा लांबलचक नंबर कुणालाही सांगू नका. कुणी *401* ने सुरू होणारा कोड डायल करायला लावला, तर तो तुमचे कॉल स्वतःकडे वळवतोय. ##002# डायल केल्यास कॉल फॉरवर्डिंग रद्द होते. न मागता पोर्टिंगचा (नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा) कोड आला, तर लगेच कंपनीला कळवा.

रेंज गेली तर? शेजाऱ्याच्या फोनला रेंज आहे आणि त्याच कंपनीचे तुमचे सिम ‘नो सर्व्हिस’ दाखवते, तर फोन बंद-चालू करत बसू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा: ‘माझ्या नंबरचे सिम बदलले गेले का?’ हो म्हणाले, तर नंबर बंद करायला सांगा. मग बँक: नेट बँकिंग, यूपीआय, कार्ड सगळे ब्लॉक. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार. प्रत्येक ठिकाणी तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवा, वेळेसकट. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये आणलेल्या नियमानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच्या गैरप्रकाराने पैसे गेले आणि तुम्ही बँकेचा संदेश मिळाल्यापासून 3 कामाच्या दिवसांत कळवले, तर तोटा तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान मात्र तुमच्याच माथी.

दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांचे भारतातले सिम बहुधा खणात पडलेले असते. ते बंद पडल्याचे महिनोन्‌महिने कळत नाही. ते चालू फोनात दुसरे सिम म्हणून ठेवा, आणि ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत तेही अधूनमधून बघा.