विळानखी डायनासोर ओळखताना या चुका टाळा

विळानखी म्हणजे पायाच्या दुसऱ्या बोटावर विळ्यासारखं नख असलेले डायनासोर; ‘रॅप्टर’, म्हणजे ड्रोमिओसॉरिड कुळातले, हे त्यांतले सगळ्यात ओळखीचे. वाकडं, धारदार नख दिसलं की लगेच ‘रॅप्टर’ म्हणून मोकळं व्हायचं, ही घाई सगळ्यात जास्त नडते. नख हाताचं की पायाचं, हे ठरेपर्यंत कुळाचं नाव काढूच नये.

मेगारॅप्टर नावाच्या डायनासोरचं काय झालं ते बघा. अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात मिळालेल्या तुटक हाडांवरून फर्नांडो नोव्हास यांनी १९९८ मध्ये त्याचं वर्णन केलं. ३० सेंटिमीटरांहून मोठं नख पायाच्या दुसऱ्या बोटाचं धरलं गेलं, आणि अजस्र विळानखी शिकाऱ्याची चित्रं सगळीकडे पोचली. पुढे हाताची हाडं एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत मिळाली, तेव्हा ते नख हाताच्या पहिल्या बोटाचं निघालं. ड्रोमिओसॉरिड कुळाशी त्याचा जवळचा संबंध उरला नाही. १९८० मध्ये वर्णन झालेल्या नोआसॉरसच्या बाबतीतही हेच घडलं होतं. जबलपूरचा लेव्हिसुकस हा डायनासोर नोआसॉरसच्याच कुळात ठेवतात. म्हणून लॅमेटा या मध्य भारतातल्या, डायनासोरांच्या काळातल्या खडकांतल्या सुट्या नखाबद्दल (आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला हेच खडक आहेत) दुप्पट सावध राहावं.

माझी सवय अशी: सुटं नख एकटं बघायचं नाही, त्याच्या मागचं पेर शोधायचं. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या पेरांचे सांधे बोट वर उचलता येईल असे असतात, आणि मधल्या पेराला खालून मागे निघालेली ठळक टाच असते. पेरच नसेल तर ‘थेरोपॉड’ (दोन पायांवर चालणाऱ्या, बहुतेक मांसाहारी डायनासोरांचा मोठा गट) एवढंच लिहून थांबावं. त्यात कमीपणा काही नाही.

नख पायाचंच ठरलं तरी काम संपत नाही. ट्रूडॉन्टिड या जवळच्या दुसऱ्या कुळालाही ते असतं, मादागास्करच्या राहोनाविस या पक्ष्यासारख्या छोट्या डायनासोरलाही. मग दात बघा: ट्रूडॉन्टिडांच्या दातांचे काकर (कडेचे करवतीसारखे दाते) बहुधा मोठे आणि टोकाकडे वळलेले, ड्रोमिओसॉरिडांचे बारीक. पाऊल मिळालं तर फारच बरं. ट्रूडॉन्टिडांत तळपायाचं दुसरं हाड बारीक आणि चौथं जाड असतं. शेपटीतल्या लांब हाडी काड्या ड्रोमिओसॉरिडांची खूण खरी, पण ब्युट्रेरॅप्टरसारख्या दक्षिणेकडच्या सदस्यांत त्या नसतात. म्हणजे काड्या नाहीत एवढ्यावरून नाव खोडू नका.

चित्र काढताना वेलोसिरॅप्टर हा ड्रोमिओसॉरिड माणसाएवढा उंच दाखवू नका. तो साधारण दोन मीटर लांब, त्यातही बरीचशी शेपूट. मोठा हवा असेल तर त्याच कुळातला डायनोनिकस घ्या. पिसांशिवायही काढू नका: वेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांचे उंचवटे असल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं आहे.

‘ट्रूडॉन’ हे नाव जपून वापरा. ते १८५६ साली वर्णन झालेल्या एका दातावरच उभं आहे.

आणि पाऊलखुणांत तीन बोटं सारखीच टेकलेली दिसली तर विळानखी म्हणू नका. नखाचं बोट उचललेलं असायचं, त्यामुळे ठशात दोनच बोटं ठळक उमटतात.