मुलांसाठी माहितीपर पुस्तके आणि चित्रपुस्तके निवडताना

आमच्या वाचनालयात दुसरीतली एक मुलगी मुंग्यांवरचे पुस्तक उघडून माझ्यासमोर आली आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "काका, हिचे पाय पोटातून निघालेत." तिचे म्हणणे खरे होते. मुंगीचे सहाही पाय डोके आणि पोट यांच्या मधल्या भागाला, म्हणजे वक्षाला जोडलेले असतात आणि आदल्याच दिवशी तिने अंगणात गुळाच्या खड्याभोवती जमलेल्या मुंग्या भिंगातून पाहिल्या होत्या. ते पुस्तक निवडताना मी मुखपृष्ठ, कागद आणि किंमत पाहिली होती. मुंगी पाहिली नव्हती. तेव्हापासून लहानांचे कोणतेही माहितीपर पुस्तक घेण्यापूर्वी मी त्यातली चित्रे आधी तपासतो, कारण वाचता न येणारे मूलही चित्र वाचतच असते आणि चित्रातली चूक त्याच्या मनात मजकुरातल्या चुकीपेक्षा खोल रुजते.

तपासणीसाठी विषयाचे तज्ज्ञ असण्याची गरज नाही. आपल्याला पक्की ठाऊक असलेली एक-दोन माहितीची स्थळे पुस्तकात शोधावीत. कोळ्याला आठ पाय दाखवले आहेत का? उंटाच्या मदारीत पाणी साठते असे लिहिले आहे, की चरबी? बेडकाच्या पिलाची शेपटी गळून पडते असे सांगितले आहे, की ती हळूहळू शरीरातच शोषली जाते असे? सूर्यमालेवरच्या पुस्तकात आजही नऊ ग्रह असतील, तर २००६ साली प्लूटोला बटुग्रह ठरवल्यानंतर त्या मजकुरावर कोणी नजर फिरवलेली नाही, हे उघड आहे. भारताच्या नकाशात तेलंगण वेगळे दाखवलेले नसेल, तर तो नकाशा २०१४ च्या आधीचा आहे. अशी एक चूक सापडली की उरलेल्या पानांवर विश्वास ठेवणे अवघड होते, आणि माझ्या मते ते पुस्तक तिथेच खाली ठेवावे.

दुसरी गोष्ट विषयाच्या आवाक्याची. 'हजार आश्चर्ये' छापाचे जाडजूड ज्ञानकोश भेट म्हणून फार खपतात, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला त्यात धरून ठेवणारे काही नसते. पानोपानी विषय बदलतो आणि एकही प्रश्न शेवटपर्यंत नेला जात नाही. त्यापेक्षा सुगरणीचे घरटे, विहीर किंवा पावसाचे पाणी जाते कुठे, अशा एकाच गोष्टीला चिकटून राहणारे बारीक पुस्तक घ्यावे. चांगल्या माहितीपर पुस्तकात लेखकाने स्वतः पाहिल्याच्या खुणा असतात: सुगरण गवताची पाती कशी ओवते, घरटे अर्धे झाल्यावर नर काय करतो, पिले कोणत्या बाजूला राहतात. अशा पुस्तकात 'शृंगिका' किंवा 'कोष' यांसारखा अनोळखी शब्द आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. शेजारच्या चित्रात किंवा पुढच्याच वाक्यात त्याचा उलगडा होत असेल, तर तो शब्द मूल अभिमानाने दिवसभर वापरते.

चित्रपुस्तकाची पारख थोडी निराळी आहे. बहुतेक चित्रपुस्तके २४ किंवा ३२ पानांत संपतात. म्हणून ती दुकानात उभ्याउभ्या पूर्ण पाहता येतात आणि तशी पाहावीतच. आधी मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रे पाहत शेवटपर्यंत जावे, मग चित्रे झाकून नुसता मजकूर वाचावा. मजकुरात 'मुलगी झाडाखाली बसली' असे असेल आणि चित्रातही मुलगी झाडाखाली बसली आहे, यापलीकडे काही नसेल, तर दोघांपैकी एक रिकामाच बसला आहे. जिथे मजकूर 'आजी गप्पच होती' एवढेच सांगतो आणि आजीने दाराशी नीट लावून ठेवलेल्या दोन पिशव्या फक्त चित्रात दिसतात, तिथे मूल पान उलटायचे थांबते, मागे जाते, विचारते. असे पुस्तक दहाव्यांदा वाचतानाही जुने होत नाही.

भाषा मात्र डोळ्यांनी तपासता येत नाही. कोणतेही एक पान मोठ्याने वाचून पाहावे. अनुवादित पुस्तकांत 'त्याने त्याच्या आईला त्याचे चित्र दाखवले' अशी वाक्ये सर्रास आढळतात. मराठीत आपण 'त्याने आईला आपले चित्र दाखवले' म्हणतो. जीभ अडखळली तर मुलाचा कानही अडखळणार. नुकत्याच वाचू लागलेल्यांसाठी अक्षर मोठे असावे, गडद चित्रावर छापलेले नसावे आणि ओळीच्या शेवटी शब्द तोडलेला नसावा.

कुठून सुरुवात करावी, असे पालक विचारतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय ही माला परवडणारी आहे. मराठीतच घडलेल्या चित्रपुस्तकांसाठी ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आवर्जून पाहावीत. शब्द आणि चित्रे दोन्ही एकाच हातची असली की काय साधते, ते तिथे कळते. खर्च करण्यापूर्वी मुलाची आवड चाचपून पाहायची असेल, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तके विनामूल्य वाचता येतात आणि ती वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेली आहेत. पातळीचा आकडा मुलाने स्वतः वाचायच्या पुस्तकापुरताच पाहावा. आपण वाचून दाखवणार असू, तर एक-दोन पातळ्या वरचे पुस्तकही चालते.

शेवटची निवड मुलाकडे सोपवावी. आपण पारखलेली चार-पाच पुस्तके जमिनीवर पसरून ठेवावीत आणि शेजारी बसून राहावे. आमच्या त्या मुलीने मुंग्यांचे दुसरे, नीट चित्रे असलेले पुस्तक निवडले, आणि घरी नेण्यापूर्वी पहिल्याच पानावरचे पाय मोजून घेतले.