इओसला एकटे जाताय? मुक्काम आधी नीट ठरवा

ग्रीसमधल्या सिक्लाडीस बेटांपैकी इओस हे तरुणाईचं बेट. तिथे एकट्याने राहायचं तर खोली कुठे घेता यावर बरंच काही अवलंबून असतं. बोट लागते ते यालोस बंदर खाली, होरा हे पांढऱ्या घरांचं मुख्य गाव वर टेकडीवर आणि मिलोपोटासचा लांबलचक किनारा टेकडीच्या पलीकडे. तिन्ही ठिकाणं बसने जोडलेली आहेत, पण रात्रीची गजबज होराच्या अरुंद बोळांत असते आणि ती खरी रंगते मध्यरात्रीनंतर. म्हणून माझ्या मते होराच्या कडेला, बोळांपासून थोडं दूर राहावं. झोपही मिळते आणि रात्री उशिरा एकट्याने चढ-उताराचा अंधारा रस्ता तुडवावा लागत नाही. किनाऱ्यावर राहणार असाल, तर शेवटच्या बसची वेळ त्याच दिवशी थांब्यावर बघून घ्या. अडचण आलीच तर ११२ हा आपत्कालीन नंबर.

संध्याकाळी मात्र पनागिया ग्रेमिओतिसा या चर्चपर्यंत चढून जाच. तिथला सूर्यास्त अजिबात चुकवू नका!

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचं. जुलै-ऑगस्टमध्ये 'मेल्टेमी' हा उत्तरेचा जोरदार वारा सुटतो, आणि तो वाढला की बोटी रद्द होतात. त्यामुळे परतीचं विमान ज्या दिवशी असेल, त्याच्या निदान एक दिवस आधी अथेन्सला पोहोचा.