कार्मार्थनशायरच्या लोककथांचा अभ्यास कसा करावा

वेल्सच्या नैऋत्येकडील कार्मार्थनशायर ही काउंटी लोककथांनी इतकी संपन्न आहे की नवा अभ्यासक सगळ्याच कथा एकदम हाती घेतो आणि थोड्याच दिवसांत त्याच्यापाशी परी, जादूगार, दरोडेखोर आणि भुते यांची लांबलचक यादी तेवढी उरते. म्हणून प्रथम एकच कथा निवडावी आणि ती कुठे घडली असे लोक मानतात, ती कोणी व केव्हा लिहून घेतली, तिच्यातील नावांचा अर्थ काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत दुसऱ्या कथेकडे वळू नये. या कामासाठी ‘लिन अ व्हान व्हाख’ या तळ्याच्या कथेइतकी चांगली कथा दुसरी नाही, असे माझे मत आहे.

कथा थोडक्यात अशी. काळ्या डोंगराच्या कड्याखालील या तळ्याकाठी गुरे चारणाऱ्या एका विधवेच्या मुलाला पाण्यावर एक स्त्री दिसते. तो तिला भाकरी देऊ करतो. पहिल्या दिवशीची फार कडक भाजलेली आणि दुसऱ्या दिवशीची कच्ची, म्हणून ती दोन्ही नाकारते आणि तिसऱ्या दिवशी अर्धवट भाजलेली भाकरी स्वीकारते. तिचा पिता हुबेहूब सारख्या दोन मुली पुढे करतो, तेव्हा तो तरुण पादत्राणाचा बंद बांधण्याच्या पद्धतीवरून तिला ओळखतो. विनाकारण तीन वेळा मारलेस तर मी परत जाईन, ही तिची अट असते. बारशाला, लग्नात आणि अंत्यविधीच्या वेळी सहज झालेले तीन हलके स्पर्शही आघात म्हणून मोजले जातात आणि ती आपली सारी गुरे घेऊन तळ्यात नाहीशी होते. पुढे ती आपल्या मुलाला, रिवॅलनला, भेटून औषधी वनस्पतींचे ज्ञान देते आणि त्याच्यापासून मदव्हाय या गावच्या वैद्यांची परंपरा सुरू होते.

कथा वाचून झाली की लगेच नावांकडे वळावे, कारण वेल्श भाषेतील नावे हीच येथील पहिली साधने आहेत. या भाषेत शब्दाचे पहिले अक्षर मागच्या शब्दानुसार बदलते, आणि हा नियम ठाऊक नसला तर शब्दकोशात काहीच सापडत नाही. ‘व्हान’ हा शब्द मुळात ‘बान’, म्हणजे शिखर. ‘व्हाख’ हा मुळात ‘बाख’, म्हणजे लहान. ‘लिन’ म्हणजे तळे. तेव्हा हे ‘लहान शिखराचे तळे’ ठरते. कथेतील तरुणाच्या शेताचे नाव ‘ब्लाएनसौद’, म्हणजे सौद नदीचे उगमस्थान, आणि ती नदी खरोखरच या तळ्यातून निघते. ‘पँट अ मेदगॉन’ म्हणजे वैद्यांची घळ, ‘लिदियाद अ मेदगॉन’ म्हणजे वैद्यांचे फाटक. आई मुलाला जिथे भेटली आणि जिथे तिने वनस्पती दाखवल्या, ती हीच ठिकाणे असे कथा सांगते. उच्चारांबाबत एवढे ध्यानात ठेवावे की रोमन लिपीतील एकेरी ‘एफ’ येथे ‘व्ह’ होतो, जोड ‘डी’ जवळजवळ मृदू ‘द’ होतो आणि जोड ‘एल’साठी देवनागरीत अचूक अक्षर नाही. म्हणून आपल्या टिपणवहीत मूळ वेल्श लेखन जसेच्या तसे उतरवून ठेवावे. केवळ लिप्यंतरावर विसंबल्यास पुढे शोध घेता येत नाही.

नावे हाती आली की नकाशा उघडावा. २०१६ च्या कायद्याने वेल्समधील ऐतिहासिक स्थलनामांची एक वैधानिक यादी सुरू झाली आणि ती इंटरनेटवर पाहता येते. त्याहून अधिक उपयुक्त म्हणजे १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले चर्चच्या दशांश कराचे नकाशे, कारण त्यांच्या सोबतच्या नोंदवह्यांत एकेका शेताचे नाव दिलेले असते. ॲबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने हे नकाशे विनामूल्य खुले केले आहेत. पुरातत्त्वीय स्थळांसाठी वेल्समधील प्राचीन व ऐतिहासिक स्मारकांच्या रॉयल कमिशनची ‘कॉफ्लाइन’ ही माहितीसूची पाहावी.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि येथे घाई करू नये. कथेची सर्वांत जुनी लिखित नोंद शोधून तिच्यात काय नाही हे पाहावे. रिवॅलन आणि त्याचे पुत्र तेराव्या शतकात ऱ्हीस ग्रिग या सरदाराचे वैद्य होते, असे त्यांच्या नावाने चालत आलेल्या वैद्यकीय ग्रंथात म्हटले आहे. तो ग्रंथ चौदाव्या शतकाच्या अखेरच्या काळात सिद्ध झालेल्या ‘हर्गेस्टचे लाल पुस्तक’ या वेल्श हस्तलिखितात आढळतो. परंतु त्या मध्ययुगीन ग्रंथात तळ्यातील स्त्रीचा उल्लेखच नाही. ती कथा आज ज्या रूपात सर्वत्र सांगितली जाते, ते रूप १८६१ मध्ये छापले गेले आणि ते टॉन येथील विल्यम रीस यांनी त्या भागातील अनेकांच्या तोंडून ऐकलेल्या कथनांतून जुळवले होते. म्हणजे ऐतिहासिक वैद्यघराणे आणि जलस्त्री हे दोन धागे आपल्यापर्यंत वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत, आणि छापील कथेतील सलगपणा काही अंशी संकलकाचा आहे. हे कळल्याने कथेचे मोल तसूभरही कमी होत नाही. उलट लोकांनी आपल्या परिसरातील एका खऱ्या घराण्याला कोणत्या उंचीवर नेऊन ठेवले, हे त्यातून उमगते. त्याच १८६१ च्या आवृत्तीतील वैद्यकीय मजकुराचा दुसरा भाग मात्र योलो मॉर्गनुग (१७४७–१८२६) यांच्या नकलेवरून घेतलेला आहे. योलो हे प्रतिभावान कवी होते, पण त्यांनी जुने म्हणून पुढे केलेले पुष्कळ साहित्य स्वतःच रचले होते. त्यामुळे त्यांच्या हातून आलेला कोणताही मजकूर स्वतंत्र पुराव्याशिवाय प्राचीन धरू नये.

हीच पद्धत मर्दिनला, म्हणजे राजा आर्थरच्या कथांतील जादूगार मर्लिनला, लावली की वेगळेच चित्र दिसते. काउंटीच्या मुख्य शहराचे वेल्श नाव ‘काएरव्हर्दिन’ असून त्याचा अर्थ ‘मर्दिनचा किल्ला’ असा लावला जातो. प्रत्यक्षात रोमन काळात या ठिकाणाचे नाव ‘मोरिदुनुम’, म्हणजे समुद्राचा किल्ला, असे होते; त्याचा उच्चार झिजत ‘मर्दिन’ झाला, पुढे मूळ अर्थ विसरला गेला, म्हणून ‘किल्ला’ या अर्थाचा ‘काएर’ पुन्हा जोडला गेला आणि उरलेला शब्द व्यक्तिनाम समजला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथे कथेने नावाला जन्म दिला नाही, नावाने कथेला दिला. मर्दिन आणि कवी तालिएसिन यांच्या संवादाचे काव्य १२५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘कार्मार्थनच्या काळ्या पुस्तका’त पहिलेच आहे आणि ते हस्तलिखित ॲबरिस्टविथच्या ग्रंथालयात आहे. शहरातील ‘मर्लिनचा ओक’ पडला तर शहरही कोसळेल अशी भविष्यवाणी होती. त्या वृक्षाचे अखेरचे अवशेष १९७८ मध्ये रस्त्यातून हलवण्यात आले, आणि त्याचा एक तुकडा अबरग्विली येथील काउंटी संग्रहालयात पाहता येतो.

एकोणिसाव्या शतकातील समजुतींसाठी, विशेषतः मृत्यूपूर्वी दिसणारा ‘प्रेतदीप’ आणि घोड्याची कवटी घेऊन दारोदार फिरणारी ‘मारी लुइड’ यांच्यासाठी, राष्ट्रीय ग्रंथालयाने खुली केलेली १९१९ पर्यंतची वृत्तपत्रे चाळावीत. शोध नेहमी वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही शब्दांनी घ्यावा, कारण वेल्श वृत्तपत्रांतील मजकूर बहुधा इंग्रजीत कधीच आलेला नसतो. १८३९ ते १८४३ मधील, रस्त्यांवरील टोलविरुद्धच्या रिबेका दंगलींचाही याच मार्गाने मागोवा घेता येतो: एव्हाइलवेन येथील टोलनाका १३ मे १८३९ रोजी स्त्रीवेषातील शेतकऱ्यांनी फोडला, आणि त्या वेषामागे गावाने अपराध्याची धिंड काढण्याची ‘केफिल प्रेन’ ही जुनी प्रथा होती, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे.

प्रत्यक्ष स्थळी जायचे असेल तर सर्वांत शेवटी जावे, म्हणजे डोळ्यांना काय शोधायचे ते ठाऊक असते. लानदेउसांत गावाच्या बाजूने सौद नदीच्या कडेने वर जाणारी वाट तळ्यापर्यंत पोहोचते. तेथे धुके अचानक उतरते, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र सोबत असावे. काठावरचा बांध पाहावा: पहिल्या महायुद्धाच्या काळात लनेल्ली शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तो बांधला गेला, त्यामुळे आजची पाण्याची कड कथेतील गुराख्याने पाहिलेली कड नव्हे. परतताना मदव्हायच्या चर्चमध्ये थांबावे. तेथे अठराव्या शतकातील वैद्यांच्या कुळातील दोन शल्यवैद्यांच्या स्मरणार्थ कोरलेली शिळा आहे. गावातील कोणी कथा सांगितली तर त्यांची अनुमती घेऊन ती त्यांच्याच शब्दांत उतरवावी, सांगितल्याची तारीख लिहावी आणि आपला तर्क वेगळ्या पानावर ठेवावा.