प्रोसेको कशी निवडायची, कशी उघडायची आणि भडंगासोबत कशी प्यायची

आमच्या तासगाव पट्ट्यात द्राक्षातलं कुणाला शिकवायला नको, मण्यात गोडी किती उतरलीय ते लोकं नुसतं चावून सांगतात, पण तीच लोकं वाईन शॉपमध्ये गेली की लेबल बघून गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

प्रोसेको म्हणजे फेसाळणारी पांढरी वाईन, इटलीच्या ईशान्येकडची, व्हेनेतो आणि फ्रिउली भागातली. द्राक्ष ग्लेरा, ते कमीत कमी 85 टक्के लागतंच. आधी द्राक्षालाच प्रोसेको म्हणायचे, 2009 ला ते नाव वाईनच्या भागासाठी राखून ठेवलं आणि द्राक्षाला ग्लेरा म्हणायला लागले. ग्लेरा पिकली तरी आंबटपणा धरून असते, त्यामुळं वाईन तरतरीत लागते, वास हिरव्या सफरचंदाचा, नाशपातीचा. फेस सोड्यासारखा वरून गॅस भरून आणलेला नसतो, बंद स्टीलच्या टाकीत दुसऱ्यांदा आंबवतात तेव्हा तयार झालेला गॅस आतच राहतो. शॅम्पेनला हेच एकेका बाटलीत करतात.

आता मेन मुद्दा, लेबल. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून सगळ्यांना वाटतं एकदम कोरडी असणार, तर तसं नाही बघा. 'ब्रूट' लिहिलेल्या बाटलीत साखर लिटरला 12 ग्रॅमपर्यंत, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17 आणि नुसत्या ड्रायमध्ये 17 ते 32, म्हणजे या तिघांत ड्राय सगळ्यात गोड! आपल्या तिखटाला माझं मत एक्स्ट्रा ड्राय. ब्रूटबरोबर तिखट जास्तच झोंबतं, थोडी साखर असली की जीभ शांत होते.

गार करायला फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवा. पाहुणे दारात आले असतील तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ, आपण पॉटचं आइस्क्रीम करताना टाकतो तसं, अर्ध्या तासात काम होतं. 6 ते 8 डिग्री बास.

उघडताना बाटली अजिबात हलवायची नाही. आमच्याकडं एका साखरपुड्यात हौसेनं हलवून उघडली, अर्धी बाटली सतरंजीनं प्याली, मला लय वाईट वाटलं. वरची तार सहा अर्धे वेढे फिरवली की सैल होते, पण तेव्हापासून अंगठा बुचावरनं काढायचा नाही. बाटली तिरकी धरायची, तोंड माणसांकडं नको, बूच घट्ट धरून खालनं बाटली हळूहळू फिरवायची. बूच स्वतःच वर यायला लागतं, तेव्हा त्याला उलटं दाबून धरायचं, मग फक्त 'फुस्स' येतं. तेवढाच आवाज पाहिजे.

खायला पहिला नंबर भडंगाचा, लसूण आणि शेंगदाणे जास्त असलेलं. कांदाभजी पण मस्त, आंबटपणानं आणि फेसानं तेलकटपणा निघून जातो. पण खरी जोडी कृष्णाकाठच्या वांग्याच्या कापांची, रवा लावून कुरकुरीत तळलेले, नुसतं मीठ-हळद-तिखट. नदीतला मासा तळला असेल तर तोपण. मटणाच्या तांबड्या रश्श्यापुढं मात्र ही वाईन दबून जाते, तिथं काढू नका. कंदी पेढ्याबरोबर ब्रूट आंबटढाण लागते, गोडाबरोबर घ्यायचीच तर ड्राय घ्या.

उरली तर बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही उपयोग नाही, घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. न उघडलेली पण वर्षानुवर्षं कपाटात जपू नका, ही ताजीच प्यायची वाईन आहे.