‘ठेवून जा मॅडम’

समाजकार्याची पदवी घेऊन मी विदर्भातल्या वनहक्कांवर काम करणाऱ्या संस्था आणि ग्रामसभांच्या एका नेटवर्कमध्ये आले, तेव्हा डोक्यात मोर्चे आणि भाषणं होती. हातात आलं प्रोसिडिंगचं रजिस्टर. पहिलं वर्ष नुसते ठराव लिहून घेतले. नव्या मुलांनाही मी तेच काम देते. कुरकुरतात, कुरकुरू देत.

2006च्या वनहक्क कायद्यात जंगलावरच्या हक्काचा दावा ग्रामसभेपासून सुरू होतो, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. 2012च्या नियमदुरुस्तीनंतर सभेला निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया. हजेरीतल्या सह्या-अंगठे मोजून पाहिले नाहीत, तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

माझी चूक वेगळीच. एका गावाचा सामूहिक दावा घेऊन कार्यालयात गेले, साहेब जेवायला गेलेले. ‘ठेवून जा मॅडम,’ असं कुणी म्हणालं आणि मी फाईल ठेवून आले. पोच घेतली नाही. तीन महिन्यांनी उत्तर मिळालं, अशी फाईल आलीच नाही. झेरॉक्स निम्म्याच कागदांच्या होत्या. ऐन रोवणीत पुन्हा सभा लावावी लागली. बांधावरून थेट आलेल्या बायांच्या अंगठ्यांना शाईच्या आधी चिखल होता. तो पुसायला मी ओढणी पुढे केली. एक आजी एवढंच म्हणाली, “आता शिक्का घेतल्याशिवाय येऊ नको बाई.”

आमच्याकडे सदस्यत्व संस्थेला किंवा ग्रामसभेला मिळतं, सुट्या माणसाला नाही. म्हणून या कामात यायचं असेल, तर आधी एखाद्या सदस्य संस्थेत काम धरा. मानधनाचं पहिल्याच दिवशी विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नेटवर्कची मासिक बैठक चुकवू नका. जो तो आपलं अडलेलं प्रकरण घेऊन येतो. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो, हे मला तिथेच शेजारच्या तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याकडून कळलं. तोवर मी जुन्या नकाशांमागे धावत होते.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामुळे सगळ्यांना तिथे जायचं असतं. जरूर जा. फक्त जंगलाचे फोटो काढून परतू नका, सर्वसहमतीने निर्णय घेणारी त्यांची सभा चालते कशी, ते बसून ऐका. वेळ लागतो. मुक्कामाच्या तयारीनेच जा.