व्हर्च्युअल हॅकेथॉन: ॲपच्या आधी मेसेज लिहा

संकटकाळात लोकांपर्यंत माहिती कशी पोचवायची, या विषयावरच्या ऑनलाइन हॅकेथॉनला (ठरावीक वेळात टीमने एखाद्या प्रश्नावर तोडगा तयार करायची स्पर्धा) पहिल्यांदाच बसणार असाल, तर कोडिंग येत नाही म्हणून बिचकू नका. आमच्या टीममध्ये कोड लिहिणारे दोघं होते आणि बराच वेळ ते बिचारे नुसते बसून होते. घोडं अडलं होतं एका वाक्यापाशी.

आम्ही सांगलीचा पूर घेतला. २०१९च्या ऑगस्टमधला महापूर टीममधल्या एकीच्या घरच्यांनी भोगलेला. आमचा पहिला मसुदा अगदी सरकारी थाटाचा: 'धरणातून विसर्ग वाढवण्यात आला असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' तिने तो फोनवर गावाकडच्या काकांना वाचून दाखवला. काका म्हणाले, "सतर्क म्हंजे करू काय? क्युसेक-बिक्युसेक नगं, आयर्विनला किती फूट झालं ते सांगा. आन् जनावरं कुठं न्यायची?"

तिथून सगळा प्रोजेक्टच फिरला. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पण सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल वस्तीत पाणी ४० च्या आधीच शिरतं. म्हणजे सगळ्यांना एकच मेसेज धाडून भागत नाही. त्यात देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७०च अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. आणि काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजलं जातं. घासूनपुसून उरलं ते असं:

'दु. ४: आयर्विन ४३ फूट, वाढतंय. गुरं घेऊन अंधाराआधी हायस्कूलवर या.'

मोकळ्या जागा धरून ६५. वेळ मुद्दाम सुरुवातीला टाकली, कारण पुरात कालचे मेसेज आजही फॉरवर्ड होत राहतात. गुरांची सोय सांगितली नाही तर माणसं घर सोडत नाहीत, हे काकांचंच म्हणणं.

बाकीचं थोडक्यात. मेंटॉरची, म्हणजे स्पर्धेतल्या मार्गदर्शकाची, वेळ पहिल्याच दिवशी मागून घ्या, नंतर रांग लागते. डेमो आधीच रेकॉर्ड करून ठेवा. नेट जातं, लाइटही जाते. आणि परीक्षकांना चार स्क्रीन कमी दाखवल्या तरी चालतील, पण मेसेज खऱ्या माणसाला वाचून दाखवल्यावर तो काय म्हणाला, ते जरूर सांगा.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. मसुद्यांची फाइल मात्र जपून ठेवली आहे. नंतरच्या इंटरव्ह्यूत सर्टिफिकेटबद्दल कुणी विचारलं नाही, 'हा शब्द का काढला?' हे विचारलं.